अथेन्सचा तट आणि पाच टोपल्या माती

आमच्या गावाचा पराभव झाला तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि माझे वडील जेवायला बसले होते.

वडील गावाचे पाणकर होते. तलावाचे पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, कधी आणि किती वेळ सोडायचे हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. हातात गावाने दिलेली काठी, आणि शब्द शेवटचा. आमच्याकडचे तलाव आमच्याच पूर्वजांनी खोदलेले, त्यामुळे या काठीला मान मोठा. केशोरीच्या बाजूला आमचे गाव, ओढ्याच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला दुसरे गाव. त्यांचाही तलाव होता, पण लहान.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. धान निसवायला आले आणि खालच्या गावाचा तलाव आटला. आमच्या तलावात एका पाण्यापुरते पाणी होते. खालच्या गावाचा कारभारी, उंचापुरा, लाल रुमाल बांधणारा, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारा माणूस, आमच्या दारात पाणी मागायला आला. वडील म्हणाले, गावाला विचारल्याशिवाय मला देता येत नाही. गावाला विचारले. गाव नाही म्हणाले. त्यात वडिलांचा दोष काय होता हे मला आजही कळलेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची माणसे सकाळी फावडी खांद्यावर टाकून तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पलीकडच्या टोकाला येऊन बसू लागली. आमची माणसे काठ्या घेऊन अलीकडे उभी. कोणी हात उचलला नाही. दुपारी ते उठून गेले की आमचेही जेवायला घरी जायचे. असे चार दिवस चालले. चौथ्या दिवशी तर आमचे लोक हसत होते. पाचव्या दिवशी ते उठले, पळसाच्या झुडपांपर्यंत गेले आणि तिथेच बसून राहिले. त्यांचा एक माणूस मोहाच्या झाडावर चढला होता. आमचा शेवटचा माणूस पाळीवरून उतरला तसे त्याने वरून पागोटे हलवले. हे पुढे त्यांच्याच लोकांनी बाजारात फुशारकीने सांगितले.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, मास्तरकीचे शिक्षण संपवून नेमणुकीची वाट पाहत घरी बसलेला. वडिलांच्या शेजारीच जेवत होतो. आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. पोहोचलो तेव्हा पाळीला बैलगाडी जाईल एवढे खिंडार पडले होते. संध्याकाळी तलावाच्या तळाशी मासे तडफडत होते.

अर्जुनीच्या ठाण्यात तक्रार केली. खालच्या गावाने सांगितले, पाळ जुनी होती, आपोआप फुटली. पाहिलेला साक्षीदार नव्हता, कारण पाहणारे सगळे जेवत होते. आमचे धान उभ्याउभ्या वाळले. बैलांना वाळल्या धानाची तणीस मिळाली, माणसांना काही नाही. किती घरे गोंदियाला विड्या वळायला आणि गिरणीत पोती उचलायला गेली त्याची यादी मी त्या वेळी केली होती. ती इथे देत नाही. गावाने वडिलांची काठी काढून घेतली. वडिलांनी काठी स्वतः नेऊन देवळात ठेवली.

पण खरे जिव्हारी लागले ते पुढेच. बाजारात, लग्नात, वाटेवर, खालच्या गावचा कोणीही माणूस वडिलांना दिसला की विचारायचा, "जेवला का गा, पानकर?" बस, एवढेच. नऊ वर्षे. वडिलांनी बाजारात जाणे सोडले. लग्नात गेले तर पंगत बसायच्या आधी उठून यायचे. मला त्या नऊ वर्षांत दुसरे काही नको होते. बाबांचे नाव त्या एका वाक्याखालून बाहेर काढायचे, आणि ते वाक्य ज्याने सुरू केले त्या कारभाऱ्याला चार गावांदेखत मातीत बसवायचे.

कसे ते सुचत नव्हते. सुचले ते एका पुस्तकातून. मी तोवर केशोरीजवळच्या एका शाळेवर होतो. शाळेचे कपाट रिकामे करून सामानाची यादी करताना एक जुने, वाळवीने पुठ्ठा खाल्लेले इतिहासाचे पुस्तक हाती लागले. ग्रीस देशाचा इतिहास. रविवारी ओट्यावर बसून चाळत होतो, आणि एका पानावर हात थांबला.

अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध पंचवीस वर्षांहून अधिक चाललेले. अथेन्सचे आरमार एका उघड्या किनाऱ्यावर उतरलेले. त्या जागेचे नाव ईगोस्पोटामी, म्हणजे बकऱ्यांच्या नद्या. समोरच्या काठाला स्पार्टाचे आरमार. रोज सकाळी अथेन्सची जहाजे लढायला पुढे जात, स्पार्टाचा सेनापती जागचा हलत नसे. मग अथेन्सवाले परत येत, जहाजे वाळूवर ओढत आणि खायला आणायला दूरवर पांगत. असे चार दिवस. तिथेच जवळ राहणारा त्यांचाच एक जुना सेनापती सांगायला आला, इथे थांबू नका, शहराजवळ जा. त्याला हाकलून दिले. पाचव्या दिवशी अथेन्सवाले जेवणाच्या शोधात पांगले तसे पाळतीवरच्या होडीतून ढाल उंचावून खूण झाली आणि स्पार्टाचे आरमार तुटून पडले. जवळजवळ सगळी जहाजे वाळूवरच हाती लागली. पकडलेल्या अथेन्सवाल्यांना ठार मारले. मग धान्याची समुद्रवाट बंद झाली. अथेन्स उपाशी पडले आणि शरण आले. शहरापासून बंदरापर्यंतचा त्यांचा लांबच लांब तट बासऱ्यांच्या तालावर पाडून टाकला.

मी ते पान तीन वेळा वाचले. चार दिवस, पाचवा दिवस, जेवण, खूण. अंगावर काटा आला, आणि त्यानंतर जो राग आला तो चांगला थंड आणि कामाचा होता. एवढ्या मोठ्या अथेन्सचे जे झाले तेच माझ्या वडिलांचे झाले होते. अथेन्सला कोणी विचारत नाही, जेवलात का म्हणून.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसाची जत्रा, आणि तिच्यात दंडार, म्हणजे गावातल्या मंडळींचे नाचगाण्याचे नाटक. आजूबाजूच्या गावांना सुपारी देऊन बोलावतात, त्यांच्या मानकऱ्यांना पुढे बसवतात. मी ठरवले, यंदा आमच्या मंडईत अथेन्सचा पाडाव. स्पार्टाच्या सेनापतीला लाल रुमाल, आणि प्रत्येक वाक्याआधी खाकरणे. शेवटी तट पडताना अथेन्सचा एक म्हातारा पुढे येईल आणि सरळ पहिल्या रांगेकडे बोट करून चार वाक्ये बोलेल. ती वाक्ये मी अकरा वेळा खोडून लिहिली. त्यांतला शेवटचा शब्द 'चोर' असा होता.

दंडारीचा म्होरक्या एक जाडजूड शेतकरी होता. त्याला गोष्ट सांगितली.

"हे ग्रीस कोनत्या तालुक्यात येते गा, मास्तर?"

"परदेशात आहे. समुद्राच्या पलीकडे."

"अन् समुद्र कुठून आनशीन?"

"दोन धोतरं. दोघांनी टोकं धरून हलवायची."

"जहाज?"

"ढिवराचा डोंगा मागून आणू."

तो विचारात पडला. "सगळे मानसंच मानसं. मारामारी अन् उपास. लोक कायले पाहतीन? नाच कुठं आहे याच्यात?"

मी म्हणालो, "तट पाडताना बाया बासरी वाजवत नाचल्या होत्या."

"खरंच नाचल्या?"

"पुस्तकात आहे."

"मंग आधी नाई सांगत का, बाप्पा!" तो म्हणाला, आणि नाटक ठरले.

सामानाची यादी माझ्या हातची होती. धोतरे दोन, डोंगा एक, ढाल म्हणून पितळी परात एक, पत्रावळी वीस, खरा भात एक हंडा, साड्या चार, बासऱ्या दोन. तटासाठी आधी बांबूचा तट्टा करायचा होता, पण बांबू पडताना हलका दिसतो. म्हणून तलावातलीच माती आणून मैदानात मांडीएवढी उंच भिंत घातली. फावडी सहा, टोपल्या दहा. बासरीचा आवाज जत्रेत ऐकू जाणार नाही म्हणून डफडेवाल्याला सांगितले, भिंतीच्या वेळी जोरात वाजव. तो म्हणाला, "कोनता हात वाजवू?" हात म्हणजे डफड्यावरचा ठरलेला ताल. मी घाईत होतो. म्हणालो, "फावडी अन् टोपल्या दिसल्या की तुला सुचेल तो."

वडिलांना मी काहीच सांगितले नाही. त्यांनी मंडईला यावे एवढेच आईकडून कळवले.

मंडईच्या दिवशी दुपारी मैदान भरले. खालच्या गावाचा कारभारी चार माणसांसह पहिल्या रांगेत, सतरंजीवर. वडील सगळ्यांत मागे, गुराख्यांच्या घोळक्यात. मी बाजूला कनातीच्या आडोशाला यादी हातात घेऊन उभा.

सुरुवात चांगली झाली. धोतराचा समुद्र लोकांना आवडला. लाल रुमालवाला सेनापती खाकरला तेव्हा आमच्या गावात खसखस पिकली आणि कारभाऱ्याने मान थोडी फिरवली. मला बरे वाटले. मग पाचवा दिवस आला. अथेन्सच्या सैनिकांनी डोंगा बाजूला ओढला, पत्रावळी मांडल्या आणि खरा भात खायला बसले. मी कल्पना केली होती की लोकांना त्यांची कीव येईल.

खालच्या गावाच्या लोकांतून कोणीतरी मोठ्याने ओरडले, "जेवला का गा, पानकर?"

सगळे मैदान हसले. आमचे गावही हसले. भात खाणारा सैनिक हसला आणि त्याला ठसका लागला. मी मागे पाहिले. वडील मान खाली घालून बसले होते, हातातल्या काडीने जमिनीवर रेघा ओढत. नऊ वर्षांत जे त्यांनी बाजारात एकट्याने ऐकले ते मी त्यांना चार गावांसमोर ऐकवले होते, स्वतः लिहून, पत्रावळ्यांसकट. मला वाटले, नाटक बंद करावे. पण यादीत पुढचे होते: तट.

स्पार्टाचे सैनिक फावडी आणि टोपल्या घेऊन भिंतीकडे गेले. बायांच्या वेशातले चार नाचे साड्या सावरत उभे राहिले. डफडेवाल्याने फावडी पाहिली, टोपल्या पाहिल्या, आणि हात सुरू केला.

तो पाळीचा हात होता.

आमच्या भागात पाळीचे काम डफड्यावर चालते. उन्हाळ्यात डागडुजीला सगळे गाव त्या तालावर माती वाहते. एरवी तो हात वाजला तर अर्थ एकच, पाळ फुटली. आणि तो ऐकू आला की त्या घटकेला शिवारात जो असेल त्याने, पाहुणा असो की वाटसरू, टोपलीभर माती टाकायचीच. जो बसून राहील तो तलावाचा वैरी. त्याच्या घरचे पाणी कोणी पीत नाही. माझ्या पुस्तकातल्या ग्रीकांनी वाद्ये वाजवून तट पाडला होता. आमच्या लोकांनी वाद्याच्या तालावर माती जन्मात पाहिली होती ती फक्त चढताना.

मैदान उभे राहिले. म्हातारे उठले, खेळण्यांचे दुकानदार उठले, बायका पदर खोचून पुढे आल्या. कोणी विचारले नाही की पाळ कुठे आणि पाणी कुठे. ज्याला टोपली मिळाली त्याने टोपलीने, नाही त्याने ओंजळीने, धोतराच्या ओच्यात माती आणून त्या भिंतीवर टाकायला सुरुवात केली. पाडणारे सैनिक फावडी उगारून गोंधळले आणि मग तेही माती ओढू लागले. माझा अथेन्सचा म्हातारा बोट पुढे करून उभा होता. त्याची चार वाक्ये कोणाला ऐकू गेली नाहीत. तट चढत होता.

"थांबा!" मागून आवाज आला. "अशी टाकतेत का माती?"

वडील पुढे आले. लोक बाजूला झाले. "चिकट माती मंधात. मुरूम बाहीरून. अन् तुमी नाचे, साड्या धरून काऊन उभे राहिले? पायानं दाबा!" नाचे दाबू लागले. नऊ वर्षांत न ऐकलेला तो आवाज लोकांनी असा मानला की जणू काठी कधी गेलीच नव्हती.

मग वडिलांनी पहिल्या रांगेकडे पाहिले. सगळ्या मैदानात ते पाचच लोक बसलेले होते.

"पाहुने बसून राहिले," वडील शांतपणे म्हणाले. "डफडा वाजून राहिला."

कारभारी खाकरला. "हे तं नाटक आहे."

"नाटक मास्तरचा आहे. डफडा गावचा आहे."

डफडेवाला थांबला नाही. बाकी सगळे थांबले. कारभाऱ्याने आपल्या माणसांकडे पाहिले. त्यातला एक पाहत पाहत उठला आणि ओंजळभर माती टाकून आला, मग दुसरा, मग उरलेले दोघे. कारभारी एकटा राहिला. तलावाचा वैरी म्हणून चार गावांत नाव घेऊन घरी जायचे, की उठायचे? तो उठला. टोपली घेतली, अर्धी भरली.

"भर अजून," वडील म्हणाले.

त्याने भरली. डोक्यावर घेतली. लाल रुमालावरून माती घरंगळली. चालत आला, टाकली.

"हे पहिल्या दिवसाची," वडील म्हणाले.

त्याला कळले, तो जागीच थांबला. आमच्या लोकांनाही कळले. कोणी हसले नाही.

"आन दुसऱ्या दिवसाची."

तो गेला, भरली, आणली. दुसऱ्या दिवसाची. तिसऱ्या. चौथ्या. दर वेळी वडील तेवढेच बोलत, आणि दर वेळी, "दाब पायानं," आणि तो दाबत असे. पाचव्या टोपलीला त्याचा दम लागला होता. वडील म्हणाले, "हे त्या दुपारची. हे नीट दाब."

त्याने नीट दाबली. मग वडिलांनी डफडेवाल्याकडे हात केला आणि डफडे थांबले.

लगेच आमची तरुण मंडळी पुढे सरसावली. कोणी म्हणाले, नाक घासायला लावा. कोणी म्हणाले, उद्या त्यांची पाळ फोडू. त्यांत सर्वांत मोठा आवाज माझा होता, हे लपवत नाही. अथेन्स शरण आले तेव्हा स्पार्टाच्या दोस्तांनी, कॉरिंथ आणि थीब्सच्या लोकांनी, मागणी केली होती की शहर जमीनदोस्त करा, माणसे गुलाम म्हणून विका. स्पार्टाने नकार दिला. मी त्या दुपारी कॉरिंथ होतो. वडील एवढेच म्हणाले, "झालं." आणि हात धुवायला तलावावर गेले.

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारले, तुम्हाला खरेच पाळ फुटली असे वाटले होते का?

"मले येडा समजून राहिला का? मैदानात पाळ कुठून येते?"

"मग?"

"लोकं उठले. म्हटलं, आता उठलेच आहेत तं."

आठ दिवसांनी गावाने काठी देवळातून काढून त्यांना परत दिली. "जेवला का" हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. एकदा बाजारात खालच्या गावच्या एकाने तोंड उघडले होते, शेजारच्या भाजीवालीने त्याला विचारले, "किती टोपल्या?" तो निघून गेला.

किंमतही मोजावी लागली. माझी आत्या खालच्या गावात दिलेली होती. तिच्या सासरच्यांनी तिला तीन वर्षे माहेरी पाठवले नाही. वडील दर दिवाळीला ओढ्यापर्यंत जाऊन बहिणीची वाट पाहत उभे राहत आणि परत येत. मला विचाराल तर तरीही ते करायला हवे होते. वडिलांना विचारायचे मला धाडस झाले नाही. काठी त्यांच्याकडे शेवटपर्यंत राहिली.

गेल्या वर्षी, वडील जाऊन दोन वर्षे झाल्यावर, अर्जुनीच्या स्टेशनावर तो कारभारी भेटला. मला गोंदियाला कचेरीच्या कामाला जायचे होते. तो फार म्हातारा झाला होता, रुमाल मात्र लालच. बाकावर माझ्या शेजारी बसला. गाडीच्या वाटेकडे पाहून खाकरला.

"मास्तर, एक विचारू का?"

"विचारा."

"तुमच्या त्या नाटकात लाल रुमालवाला मीच होतो ना?"

"हो."

"तो लढाई जिंकला होता ना?"

"जिंकला होता."

"मंग माती मी काऊन वाहिली?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. इतक्या वर्षांत त्याला ते खरेच सुटले नव्हते. "मीच जिंकलो तं टोपली माह्याच डोक्यावर कशी?"

मला उत्तर माहीत होते. पुस्तकातून सांगता आले असते, पाळीवरून सांगता आले असते. त्याच्या शेजारी बसून अर्ध्या तासात समजावले असते, मास्तरकीत तेच तर केले.

"ते तुम्ही बाबांना विचारायचं होतं," मी म्हणालो. "ओढ्यापर्यंत येत होते ते, दर दिवाळीला."

छोटी गाडी आली. तो सावकाश उठला आणि पुढच्या डब्यात चढला. आत शिरल्यावर त्याने शेजारची जागा हाताने झटकली आणि माझ्याकडे पाहिले. मी मागच्या डब्यात जाऊन उभा राहिलो. गोंदियापर्यंत उभाच होतो.